गावडे काकांचं गाऱ्हाणं आणि माझं ‘व्हय म्हाराजा’

गावडे काकांच्या मरणाला होकार मी दिला होता.

गंमत करत नाहीये. व्हिडिओ आहे माझ्याकडे.

आज वर्ष झालं त्यांना जाऊन, म्हणून लिहितेय. ज्यांना असल्या गोष्टी पटत नाहीत त्यांनी खुशाल पुढे स्क्रोल करा.

परळच्या आमच्या पार्कात मागच्या भिंतीला लागून एक कोपरा आहे. तीन वर्षांपूर्वी तिथे डेब्रिज, तुटकी घसरगुंडी आणि मांजरं, एवढंच होतं. मी नुकताच पर्माकल्चरचा, म्हणजे निसर्गाच्या कलाने शेती करण्याचा, वीकेंड कोर्स करून आलेली, अंगात वारं शिरलेलं. परवानगी काढली, ग्रुप केला, आणि पहिल्या रविवारी जमलो किती, तर चार जण.

मी, बँकेतला मंदार, शाळेत शिकवणाऱ्या शैलाताई, आणि ज्यांना कोणी बोलावलंच नव्हतं ते गावडे काका.

काका मालवणकडचे. मिल बंद पडल्यावर उरलेली नोकरी वॉचमनची. रिटायर झाले तरी खाकी शर्ट काही सुटला नव्हता.

मी जोरात भाषण ठोकत होते. जमीन उघडी ठेवू नका, पाला जाळू नका, तण उपटून फेकू नका.

काका शांतपणे म्हणाले, “ह्येचो पण कोर्स आसता?”

त्यांचा कोर्स एका शब्दाचा होता. ‘ऱ्हवांदे.’ म्हणजे राहू दे.

मी गवताला हात घातला की मागून आवाज यायचा, “ऱ्हवांदे गो. तां जमिनीचा जेवाण.”

दोन वर्षांत केळीचं आळं तयार झालं. मधे खड्डा, त्यात चार बिल्डिंगांचा ओला कचरा, कडेने केळी. मग हळद, शेवगा, अळू. शेजारच्या चाळीतल्या बायका अळू न्यायला यायच्या आणि वर आम्हालाच सांगायच्या की खाजरं आहे.

मग मागच्या वर्षी कळलं, त्या कोपऱ्यातून वॉकिंग ट्रॅक जाणार. पेव्हर ब्लॉक. सोमवारी जेसीबी.

अर्ज केले, सह्या घेतल्या, फोन लावून लावून कान दुखले. काही हललं नाही. मी पार्काच्या बाकावर बसून रडले, खोटं कशाला बोलू.

शनिवारी काका म्हणाले, “आपण राखणदाराक न विचारता जमीन खणलंव. गाऱ्हाणां घालूक होयां.”

कोकणात प्रत्येक जागेला राखणदार असतो, ती जागा सांभाळणारा, न दिसणारा. कुदळ मारण्याआधी नारळ ठेवून त्याला विचारायचं. एकाने गाऱ्हाणं घालायचं, बाकीच्यांनी प्रत्येक ओळीला “व्हय म्हाराजा” म्हणायचं.

लहानपणापासून म्हणत आलेय मी. आणि खरं सांगू? कोणी ऐकत नसतं. समोरच्याने म्हाराजा म्हटलं की आपलं तोंड आपोआप उघडतं.

रविवारी सकाळी आळ्यापाशी नारळ ठेवला. शैलाताई म्हणाल्या, “आमच्यात हे नाही गं, पण मी उभी राहते.” कचऱ्याची बादली हातात धरून त्या शेवटपर्यंत उभ्या राहिल्या. मंदारचा फोन वाजला, तो बाजूला गेला.

मी रील काढत होते.

काका म्हणाले, “फोन ठेव नि हात जोड.”
मी म्हटलं, “काका, एकच मिनिट.”

गाऱ्हाणं संपलं. मी म्हटलं, छान आलाय व्हिडिओ.

सोमवारी जेसीबी आला. ड्रायव्हरने लांबूनच मला हाक मारली. “ओ मॅडम, आजोबा बसलेत तिथे. उठवा त्यांना.”

काका केळीला पाठ टेकून बसले होते. डोळे मिटलेले. बाजूला पाण्याने भरलेली झारी.

त्या दिवशी काम थांबलं. पुढे कोणताच ड्रायव्हर तिथे मशीन घालायला तयार होईना. शेवटी ट्रॅक पलीकडून वळवला.

बाग राहिली.

तेराव्यानंतर मी तो व्हिडिओ बघितला. मधल्या एका ओळीत काका म्हणतात, “ही बाग ऱ्हवांदे रे म्हाराजा. राखणेक कोण होयो आसात, तर माका घे.” म्हणजे, राखणीला कोणी हवा असेल तर मला घे.

आणि त्यावर एकच आवाज येतो. फोनच्या अगदी जवळचा, हसरा.

“व्हय म्हाराजा.”

तो माझा आहे.

हे वर्षभर कोणाला सांगितलं नाही. हेही सांगितलं नाही की सकाळी मी सगळ्यात आधी पोचते, नळाची चावी माझ्याकडेच असते, आणि तरी आळ्याची माती ओली असते. झारी भरून केळीपाशी ठेवलेली असते. पार्काच्या वॉचमनला विचारलं तर तो म्हणतो, गेट तर आत्ता उघडलं.

मला एवढंच कळत होतं की काका अडकलेत. माझ्या एका शब्दामुळे.

म्हणून आज सकाळी मी गाऱ्हाणं घातलं. सगळ्यांना आधीच बजावलं, नीट ऐका, पटलं तरच बोला. मंदार होता, चाळीतल्या दोघी होत्या. शैलाताई बादली घेऊन तिथेच, मागच्या वेळच्या जागी.

“म्हाराजा, गेल्या वर्षी मी न ऐकता हो म्हटलं. ते मी परत घेते. आमच्या काकांना मोकळं कर.”

‘व्हय म्हाराजा’ कोणी म्हणेना. सगळे एकमेकांकडे बघत होते.

मग आळ्याकडून, कोणी कंटाळून म्हणावं तसं,

“ऱ्हवांदे गो.”

मंदारने ऐकलं. चाळीतल्या दोघींनी ऐकलं.

शैलाताईंनी बादली खाली ठेवली. मग मला म्हणाल्या, “ते स्वतःच म्हणतायत, तर राहू दे ना.”

गाऱ्हाणं लिहून आणलेला कागद मी घडी करून पर्समध्ये ठेवला.

काका, श्रद्धांजली गेलेल्या माणसाला वाहतात. तुम्हाला नुसता नमस्कार.

उद्या सकाळी येतेच आहे. झारी भरून ठेवू नका. एवढं एक काम माझ्यासाठी राहू द्या.