गेटसमोरचा हुतात्मा

फ्लेक्स या वस्तूचा मला मनापासून राग आहे. पिंपळे गुरवहून चाकणला कंपनीत पोचेपर्यंत रोज कुणाचा तरी वाढदिवस, कुणाची तरी निवड आणि कुणाला तरी भावपूर्ण श्रद्धांजली डोक्यावर लटकत असते. सिग्नल लाल की हिरवा, ते मात्र दिसत नाही. पण त्या दिवशीच्या फ्लेक्सने कहर केला.

पत्र्याचे भाग दाबून काढणारी नवीन प्रेस बसवायला उत्तर आयर्लंडहून एक इंजिनिअर आले होते. साठीच्या आसपासचे, अबोल. त्यांची सरबराई माझ्या गळ्यात पडली होती. जेवताना ते म्हणाले, "उद्या माझ्या धाकट्या भावाचा स्मृतिदिन. दुपारी आईशी बोलायचंय, थोडा वेळ लागेल." तो बॉम्बस्फोटात गेला, एवढंच पुढे सांगितलं. टेबलाशी आमच्या कंपनीला बस पुरवणारे आबा बसले होते. इथल्याच जुन्या गावातले, दिलदार गडी, पण उत्साहाला लगाम नाही.

"इंग्रजाच्या राज्यात बॉम्ब म्हंजे क्रांतिकारकच की राव!" आबा मला म्हणाले.

"आबा, तुम्ही कृपा करून काही करू नका," मी अक्षरशः हात जोडले. पालथ्या घड्यावर पाणी!

दुसऱ्या दिवशी पहिली शिफ्ट सुटल्यावर गेटबाहेर येऊन बघतो, तर भलाथोरला फ्लेक्स. 'इंग्रजांशी झुंजताना धारातीर्थी पडलेले वीर हुतात्मा!' खाली शोकाकुल मित्रपरिवार म्हणून आबा आणि त्यांची तमाम मंडळी, गॉगल लावून. आणि मधोमध, हार घातलेला, आमच्या पाहुण्यांचा स्वतःचा चेहरा.

"आबा, अहो हे जिवंत आहेत!"

"मंग मयत भावाचा फोटू कुठनं आणू? यांचा गेटपासचा घेतला. भावाभावांचा तोंडावळा येकच असतोय."

कपाळ बडवून घ्यावं असं वाटलं. पाहुणे माझ्या मागेच उभे होते. त्यांनी मजकुराचा अर्थ विचारला, मी खाली मान घालून सांगितला. ते रागावले असते तर बरं झालं असतं. ते थांबत थांबत बोलू लागले आणि मी आबांना मराठीत सांगत गेलो.

त्यांचा भाऊ तेव्हा शाळकरी, बूट घ्यायला दुकानात गेला होता. बॉम्ब इंग्रजांनी नव्हे, इंग्रजांशी लढणाऱ्यांनीच ठेवला होता. ठेवणाराही पुढे गोळी लागून मेला. आईच्या गल्लीच्या तोंडाशी भिंतीवर त्या ठेवणाऱ्याचं चित्र रंगवलंय, हुतात्मा म्हणून. तिथे दरवर्षी फुलं वाहतात. आई दूध आणायलासुद्धा लांबच्या वाटेने जाते. दोन्ही बाजूंचे पुढारी तिच्या दारी येऊन गेले, तुमचा मुलगा आमच्यासाठी गेला म्हणाले. तिने कुणालाच उंबरा ओलांडू दिला नाही. माझं पोर कशासाठीही मेलेलं नाही, एवढंच तिचं म्हणणं.

आबांचा चेहरा उतरला. "मंग आमी बी त्याच पुढाऱ्यांतले झालो की," म्हणत त्यांनी शिडी मागवली आणि स्वतःच वर चढले. तेवढ्यात पाहुण्यांच्या मोबाइलवर आईचाच व्हिडिओ कॉल आला. आता बोंबला, मी मनात म्हटलं. हार घेऊन जमलेल्यांचा गलका ऐकून तिने विचारलं, काय चाललंय? पाहुण्यांना खोटं बोलता येईना. त्यांनी सगळं सांगितलं. मला बघू दे, म्हणून ती हट्टाला पेटली, तेव्हा त्यांनी मोबाइल फ्लेक्सकडे वळवला.

म्हातारीने चष्मा लावून फ्लेक्स न्याहाळला. दोरी सोडणारे आबा हात आखडून वरूनच बघत राहिले. मग ती काहीतरी बोलली. पाहुण्यांनी ते मला आबांना सांगायला लावलं.

"आबा, ती म्हणतेय, अक्षरं सगळी फाडा. चेहरा राहू द्या. तो आज असाच दिसला असता."