साडूंची एसटी

सरकारी पैशाचा पुरेपूर उपयोग आमच्या साडूंइतका अख्ख्या मीरा-भाईंदरमध्ये दुसऱ्या कुणी केला नसेल. थांबा, लगेच वाईटसाईट मनात आणू नका. साडूंनी कधी कंत्राट घेतलं नाही की टेबलाखालून काही सरकवलं नाही. त्यांनी घेतली फक्त एक खोली, तीही दर मंगळवारी पाच ते सहा. आमच्याकडे भाजी मंडईच्या वर, दुसऱ्या मजल्यावर एक कलाघर आहे. ज्यांच्या पाठीशी ना मंडळ, ना शेठ, अशा कलाकारांनी यावं, तालीम करावी, चित्रं मांडावीत, गावं, नाचावं, म्हणून ते जनतेच्या पैशातून चालतं. शहरातल्या निम्म्या लोकांना ते ठाऊकच नाही. उरलेल्या निम्म्यांना साडूंनी सांगितलेलं आहे.

साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे मिस्टर. ते राहतात पूनम सागर वसाहतीत, मी इंद्रलोक वसाहतीत. इंद्रलोकात राहायला गेलं की माणूस इहलोकीच्या नातेवाइकांपासून सुटतो असं कुणाला वाटत असेल तर तो गैरसमज आहे, रिक्षा मिळते. परभणीकडचं गाव सोडून त्यांना जन्म लोटला, एका औषध कंपनीच्या डिस्पॅचमध्ये नोकरी करून ते रिटायर झाले, पण आवाज अजून शिवारातलाच. त्यात अंगात नाटक. 'मागच्या रांगेला ऐकू गेलं पाहिजे' हे त्यांचं जगण्याचं सूत्र. त्यांनी बाथरूममधून टॉवेल मागितला की समोरच्या विंगमधली बाई खिडकीत येते. मंडईत 'कोथिंबीर कशी दिली?' म्हणून विचारलं की तीन भाजीवाले एकदम भाव सांगतात. त्यांचा फोन आला की मी तो हातभर लांब धरतो, आणि तरीही आमची ही स्वयंपाकघरातून त्यांना परस्पर उत्तर देते. लग्नकार्यात हा माणूस दारातून सरळ आत येईल तर शपथ! आधी खांबाआड थांबणार, हॉलभर नजर फिरवणार आणि मग 'जयभीम!' म्हणत डाव्या बाजूने प्रवेश करणार. माझ्या मुलीच्या लग्नात ते असे आले तेव्हा व्हिडिओवाल्याने नवरा-नवरीवरचा कॅमेरा काढून त्यांच्यावर लावला. आज आमच्या घरच्या व्हिडिओत मंगल परिणयाच्या ऐन क्षणी टाळ्या ऐकू येतात आणि दिसतात ते साडू.

तर हे कलाघर उघडलं आणि साडूंना हक्काचं माहेर मिळालं. "साडूभाऊ, घरपट्टी भरतो मी. या भिंतीत आपल्या चार विटा हायत," असं ते मला पहिल्याच दिवशी म्हणाले. बरं, म्हणून थांबावं की नाही? खिडकीखालच्या नेमक्या चार विटा त्यांनी मला बोट लावून दाखवल्या. मी दमून त्या विटांना टेकलो तर म्हणाले, "टेका, टेका, तुमच्याबी असतील त्यात एकदोन." तेव्हापासून ते तिथले पंखे बंद करत फिरतात, गळक्या नळाला दोरा बांधतात, आणि येणाऱ्या प्रत्येक कलाकाराला जिन्यातच विचारतात, "जेवून आलात ना?" गावाकडून पाहुणे आले की लोक त्यांना उत्तनचा समुद्र दाखवायला नेतात, साडू कलाघर दाखवायला नेतात. त्यांच्या चुलत्यांनी सगळं हिंडून बघितल्यावर विचारलं, "पर देव कुठंय?" साडूंनी त्यांना रिकाम्या स्टेजपुढे उभं केलं आणि म्हणाले, "दर्शन घ्या, मंगळवारी इथं मी असतो."

एकदा तिथे उत्तनच्या एका बाईंच्या चित्रांचं प्रदर्शन लागलं होतं. मोठ्या शांत बाई, कोळीवाड्यातल्या, चर्चच्या शाळेत शिकवून रिटायर झालेल्या. वाळत घातलेल्या बोंबलांचं एक लांबलचक चित्र होतं. लोक येत, 'छान, छान' म्हणत आणि पंख्याखाली जाऊन उभे राहत. साडू त्या चित्राशी गेले, डोळे मिटले आणि हुंगू लागले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बरंच हुंगून झाल्यावर ते हॉलभर ऐकू जाईल असं म्हणाले, "आला! वास आला!" बाईंच्या डोळ्यांत पाणी. पुढच्या आठवड्यात त्यांनी साडूंना खऱ्या बोंबलांचं पुडकं पाठवलं. "काका, तुमाला कललं, म्हनून," असा निरोप सोबत. ताईंनी, म्हणजे साडूंच्या मिसेसनी, त्याची चटणी केली. भाकरीबरोबर ती खाताना साडू म्हणाले, "चित्र लई चांगलं जमलंय."

पण खोली त्यांनी घेतली होती ती स्वतःच्या नाटकासाठी. एकपात्री. लेखक साडू, दिग्दर्शक साडू, नट साडू, आणि मी प्रेक्षक, कारण माझ्या नशिबाने मी त्याच मंगळवारी मोकळा असतो. गोष्ट म्हणाल तर एवढीच: गावाकडचा एक बाप नोकरीला निघालेल्या पोराला एसटी स्टँडवर सोडायला येतो. एसटीला उशीर असतो. मग स्टँडवरचा चहावाला, कोंबड्या घेऊन बसलेली म्हातारी, येणाऱ्या-जाणाऱ्याला 'कुठं निघालात?' विचारणारा पिऊन तर्र झालेला गडी, सगळे भेटतात, आणि शेवटी एसटी येते. म्हणजे यायला पाहिजे. ती कधी आलीच नाही! कारण पाचला म्हणून जे सुरू व्हायचं ते पंखे, नळ आणि जेवणाची विचारपूस आटोपून सव्वापाचला सुरू व्हायचं, आणि बापाने कपाळावर आडवा हात धरून "आली का रं एसटी?" म्हणावं, की बाहेरून दार वाजायचं. "काका, छ वाग्या!"

ह्या बेन, गरबा शिकवणाऱ्या गुजराती बाई. सहाला त्यांचा गरबा. दाराबाहेर आठदहा बायका कधीच्या येऊन थांबलेल्या असत. साडू दार किलकिलं करून, पंजा पुढे धरून अजिजीने म्हणायचे, "दोनच मिनिटं थांबा, बेन. पोरगं निघालंय." बेन म्हणायच्या, "काका, पोरगं पुढच्या मंगलवारी जाईल. माझ्या बायका आज आल्यात." पुढच्या मंगळवारी साडू पुन्हा पहिल्यापासून सुरू. मी म्हटलं, अहो, एखाद दिवस शेवटापासून सुरू करा ना! तर म्हणाले, "बाप स्टँडवर पोचलाच न्हाई तर एसटी थांबंल कुणासाठी?" घरी तालीम करायची सोय नव्हती. साडू तोंडाने एसटीचा आवाज काढतात, गिअरसकट. एकदा घरात काढला तर वरच्या मजल्यावरचे पटेलभाई मिक्सर बिघडला का बघायला आले. ताईंनी तिथल्या तिथे सांगून टाकलं, "घरात एसटी आणायची न्हाई." कलाघराच्या जिन्यात तर आमची थट्टाच व्हायची. नया नगरची रॅप करणारी पोरं तिथे बसलेली असत. "अंकल, आज बस आयी क्या?" हा त्यांचा राम राम.

खरी गोम मला उशिरा कळली. एकदा खालच्या टपरीवर चहा पिताना मी वैतागून विचारलं, निदान शेवटाला बाप म्हणतो तरी काय, ते सांगा. साडू कधी नव्हे ते हळू बोलले. "तेच तर म्हाईत न्हाई ना." ते पोरगं म्हणजे साडू स्वतः. एसटी आली तेव्हा ते खिडकीतून रुमाल टाकून जागा धरायला धावले. रुमालावर कुणी दुसराच बसला, त्याच्याशी हुज्जत झाली, आणि बसून बाहेर बघेपर्यंत गाडी हललेली. बाप गाडीच्या दाराशी उभा राहून हात हलवत काहीतरी बोलत होता. ओठ हलताना दिसले, शब्द एकही ऐकू आला नाही. "मग पुढं कधी विचारलं नाही?" मी म्हटलं. "विचारलं की. उन्हाळ्यात गावाकडं गेलो तवा विचारलं. म्हणला, काय की, इसरलो. नीट जा म्हणलो असंन." साडूंनी कपातला शेवटचा घोट घेतला. "पर साडूभाऊ, एवढे हातवारे 'नीट जा' म्हणायला लागतेत का?" आता वडील नाहीत. साडूंनी ठरवून टाकलं होतं की शेवट लिहायचा नाही. करता करता तोंडात येईल तो खरा. आणि मंगळवारमागून मंगळवार तो येण्याआधी बेन येत होत्या. मला त्या दिवशी पहिल्यांदाच त्यांच्या त्या नाटकाबद्दल पोटातून वाईट वाटलं.

अशात कलाघर चालवणाऱ्या मॅडमनी बोलावणं पाठवलं. "काका, नियम आहे. जो खोली वापरतो त्याने वर्षातून एकदा तरी लोकांसमोर काही करून दाखवायचं. तुमच्याकडे मी पुष्कळ कानाडोळा केला. ती नया नगरची मुलं जिन्यात तालीम करतायत, मला बघवत नाही. पुढच्या महिन्यात प्रयोग करा, नाहीतर मंगळवार त्यांना द्यावा लागेल." साडूंचं तोंड एवढंसं झालं. "मंगळवार गेला तर मी आठवडाभर जगायचं कशासाठी, मॅडम?" त्या म्हणाल्या, "मग करा की प्रयोग." मंगळवार गेला तर हे गृहस्थ पाच वाजता आमच्या घरी येऊन बसणार हे मला लख्ख दिसत होतं, म्हणून मीही म्हटलं, करा.

प्रयोगाला सगळे आले. उत्तनच्या बाई आल्या, रॅपवाली पोरं आली, ताई आल्या आणि मुद्दाम शेवटच्या रांगेत बसल्या, 'न जाणो, लवकर निघावं लागलं तर' म्हणून. बेन आपल्या सगळ्या बायका घेऊन पहिल्या रांगेत. प्रकाशयोजना माझ्याकडे होती, म्हणजे ट्यूबलाइटचं बटण. आणि काय सांगू, माणूस रंगला! कोंबडीवाल्या म्हातारीला लोक पोट धरधरून हसले. तर्र गड्याने रॅपवाल्यांना "कुठं निघालात?" विचारलं तर त्यातला एक खरंच म्हणाला, "नया नगर, काका." मग बाप आला. कपाळावर आडवा हात धरून त्याने दूर पाहिलं. "आली का रं एसटी?"

आणि पहिली रांग उठली.

हो, अख्खी! खुर्च्या सरकल्या, एकीने ओढणी कमरेला खोचली, दुसरीने दांडियांची पिशवी उचलली. इतक्या मंगळवारी दाराबाहेर उभ्या राहून त्यांनी हे वाक्य ऐकलं होतं की ते नाटकातलं आहे हेच त्या विसरल्या होत्या. त्यांच्या लेखी ती सहाची घंटा. आणि साडू? हात कपाळावरून खाली आला, पंजा सवयीने पुढे झाला, आणि तोंडातून निघून गेलं, "दोनच मिनिटं थांबा, बेन! पोरगं निघालंय!"

हॉलभर हशा फुटला. बेननी कपाळावर हात मारला, "हाय हाय! बेसो, बेसो!" करत सगळ्यांना खाली बसवलं. मी मनात म्हटलं, बुडालं. एवढी वर्षं केली ती पाण्यात गेली. पण साडू तसेच उभे. पंजा पुढे धरलेला, आणि त्या स्वतःच्या हाताकडे बघतायत. हसू आपोआप ओसरलं. माझं बोट बटणावर गेलं होतं, ते मी काढून घेतलं. मग साडूंनी तोंड मिटून घशातल्या घशात आवाज सुरू केला. लांबून एसटी आली, गिअर पडला, ब्रेक लागला, थांबली. ते दोन पावलं पुढे झाले, दाराशी उभ्या कंडक्टरपुढे त्यांनी हात जोडले आणि म्हणाले, "दोनच मिनिटं थांबा की, मास्तर. पोरगं निघालंय. त्याला एकदा वळून बघू तर द्या."

आवाज इतका हळू की मागच्या रांगेला ऐकू जायचं कारण नव्हतं. ताई डोळ्याला पदर लावून बसल्या होत्या, म्हणजे ऐकू गेला होता. साडूंनी जिभेने दोनदा घंटी वाजवली, गाडी निघाली, बाप हात हलवत राहिला. दिवा घालवायचं मला कितीतरी वेळ सुचलंच नाही.

नंतर टाळ्या, पेढे, मॅडमनी हात जोडणं, सगळं यथासांग झालं. साडू खिडकीखालच्या आपल्या चार विटांना टेकून बसले होते. मी शेजारी बसलो. "साडूभाऊ," ते म्हणाले, "बाप मला काही सांगतच नव्हता. तो कंडक्टरला सांगत होता." उत्तनच्या बाईंनी येऊन आम्हा दोघांना विचारलं, "जेवलाव का?" तेव्हा कुठे आम्ही उठलो.

मंगळवार साडूंचाच राहिला होता. त्यांनी तो आपल्या हाताने त्या रॅपवाल्या पोरांना देऊन टाकला. "माझी एसटी गेली, मॅडम. आता यांची येऊ द्या." मला वाटलं, संपली कटकट. पण कसलं काय! साडू दर मंगळवारी जातातच, आणि मीही जातो. पूर्वी ते ओढून न्यायचे, आता मी आपण होऊन रिक्षा करतो. पाच वाजले की इंद्रलोकात मला करमत नाही. आम्ही बंद दाराबाहेरच्या बाकावर बसतो. आतून धडाधड काहीतरी चालू असतं, त्यातलं मला अक्षर कळत नाही, साडू मात्र मान डोलावतात. सहा वाजतात. बेन बायकांना घेऊन जिना चढून येतात आणि दार ठोठावायला हात उचलतात. साडू लगबगीने उठून पंजा पुढे करतात.

"दोनच मिनिटं थांबा, बेन. पोरं निघालीच."

बेन त्यांच्याकडे बघतात, ओढणी कमरेला खोचतात आणि थांबतात.