कडूबाईच्या हिवराचा फोटो

वेरूळच्या रोडला एक रिसॉर्ट हाय, तिथं जपानी बाग केलेली. पांढरी खडी, तिच्यावर दाताळ्यानं ओढलेल्या लाटा, इवलंसं तळं, लाकडी पूल, दगडाचा दिवा. सगळं बाहेरून आणलेलं. मधोमध मात्र हिवराचं जुनं झाड, वाकडंतिकडं, छत्रीवानी पसरलेलं. ते कुणी आणलं नाय, ते बागेच्या आधीचं.

बागेचं सगळं बघायची बिडकीनची कडूबाई. "हितं म्या आन हिवर, दोघंच हितले," असं पाहुण्यांना तोंडावर सांगायची. कुणी फांदीला लोंबकळलं की खराटा घेऊन हजर. "ओ भाऊ, पाळणा नाय ह्यो! उतरा!" मग तो मंत्र्याचा मेव्हणा का असंना.

मालक मुकुंदराव पुण्याला. एक दिवस त्यांचा निरोप आला, जपानी बागेत हिवर शोभत नाय, तोडा, तिथं पाइन लावू. कडूबाई दोन दिवस जेवली नाय, आन दुसऱ्या कुणाला सुखानं जेवू दिलं नाय. शेवटी मॅनेजर स्वराली मॅडमनं तोड काढली. झाडाचा झकास फोटो पाठवायचा, सायबाला आवडला तर झाड वाचलं.

सकाळी सातला चिन्मय आला. लग्नाचे फोटो काढणारा माणूस, पण हात चांगला. कॅमेरा काढून वळला आन मटकन खाली बसला. हिवराच्या खोडाला कमरेपर्यंत पांढराफेक चुना, त्याच्यावर गेरूचा लालभडक पट्टा.

"मावशे, ह्ये काय केलं?"

"नटवलं! पहाटं उठून दोन हात दिले. फोटो हाय ना त्याचा?"

तिचं तरी काय चुकलं? बारा वर्षं रोपवाटिकेत रोजंदारी केलेली. मोठा सायब येणार म्हटलं की आदल्या दिवशी झाडांना गेरू-चुना. तिच्या लेखी पट्ट्याबिगर झाड म्हंजी फेट्याबिगर नवरदेव.

"अगं, जुनं खोड दाखवायचं व्हतं! ह्ये तर शाळेच्या कंपाउंडचं झाड दिसतंय."

कडूबाईचं तोंड एवढंसं झालं. पळत जाऊन बादली आणली, काथ्यानं खसाखसा घासलं. गेरू चुन्यात उतरला आन खोड गुलाबी झालं.

"बास, मावशी, बास!" मॅडम ओरडल्या. "नऊला सर मीटिंगला बसतील, त्याआधी फोटो जायला पाहिजे."

कडूबाईनं काथ्या फेकला. खोडाला पाठ लावून उभी राहिली, हिरवा पदर दोन्ही हातांनी पसरला.

"आता दिसतंय का रं?"

"डावीकडं सरका. अजून. हां, झाकलं. जरा हसा की!"

"झाडाला सांग हसायला. माझा काय साखरपुडा हाय?"

फोटो गेला. धा मिन्टात फोन आला. मॅडमनं स्पीकर लावला.

"झाड सुंदर आहे, अगदी जपानी वाटतंय. ठेवा ते. फक्त त्या बाईंना फोटोतून काढा, मग वेबसाइटवर टाकू."

चिन्मयनं मॅडमकडं बघितलं, मॅडमनं तळ्याकडं. कडूबाई फोनवर वाकली.

"रामराम सायब. झाड ठिवलं, लई उपकार. पण मला नका काढू. म्या हाटले तर झाडाची अब्रू जाईल."

तिकडून सायब खो-खो हसले. "बरं, राहू द्या दोघांनाही."

आन त्यांनी पुढं काही विचारायच्या आत मॅडमनं फोन कट केला.