शीर्षकातलं नाव

“गुगलला काय माझी वळख हाय, माझं नाव खाली घालायला? धाकलीनंच केलं आसंल,” थोरल्या काकू शेजारणीला सांगत होत्या. बेदाण्याचं पाकीट फोडलं की अजूनही कवठे महांकाळची बेदाणे सुकवायची ती शेड आठवते. हिरव्या जाळीतून येणारं ऊन, आंबूस गोड वास, चिकट बोटं. थोरल्या आणि धाकट्या काकू, त्या दोघी जावांच्या बेदाण्यांचं वेबपेज मी बनवलं होतं. वर मोठ्या अक्षरांत थोरल्या काकूंचं नाव होतं, येईल त्याला त्या ते मोबाइलवर दाखवायच्या. पण शोधणारे ‘सांगलीचे बेदाणे’ असंच टाइप करतात, म्हणून मी तेच मुख्य शीर्षक केलं आणि नाव तळाशी बारीक अक्षरांत नेलं. पेज गुगलवर वर आलं. मी विचारलं मात्र कुणालाच नव्हतं. पेजसाठी मला फोटो पाठवायच्या धाकट्या काकू, म्हणून आळ त्यांच्यावर आला. त्या माझ्यासमोर मान खाली घालून बेदाणे निवडत होत्या. त्यांना खरं माहीत होतं, तरी माझं नाव त्यांनी घेतलं नाही. चार दिवस मीही गप्पच होते. मराठी माझी मातृभाषा नाही, ते तोकडं पडेल, असं स्वतःलाच सांगत. शेवटी उठले आणि म्हणाले, “काकू, ते मी केलं. तुम्हाला न विचारता.”