नापास लेकरांची शिष्यवृत्ती

जवळ ये, पोरी. कागदावरून का होईना, पण जवळ बस. फोनवर तू ‘हो आत्या, हो आत्या’ म्हणतेस आणि पलीकडे भांडी घासत असतेस, मला सगळं ऐकू येतं.

फाल्गुनातल्या पहाटेचा एक वास अजून माझ्या श्वासात आहे, निखारे भरलेल्या तांब्याखाली तापणाऱ्या सुती सदऱ्याचा. बाहेर फुलसावंगीच्या बांधावर पळस पेटलेला असे, मोहाची फुलं थंड मातीवर टपटपत, आणि आत तुझी आजी, म्हणजे माझी माय, जिला स्वतःचं नावही लिहिता येत नव्हतं, बाबांच्या सदऱ्यावरून तो तांब्या अशा एकाग्रतेनं फिरवी की जणू मॅट्रिकची परीक्षा त्या सदऱ्यालाच द्यायची आहे. बाबा वर्षभर दुसऱ्याच्या शेतात राबत, फाल्गुनात पुसदला जाऊन परीक्षेला बसत आणि उन्हाळ्यात नापास होत. पारावरचे विचारत, “काय मास्तर, यंदा कोनता विषय गेला?” बाबा हसून म्हणत, “गनितच. लय जीव आहे त्याचा माह्यावर.” माय निकालाच्या संध्याकाळीही गोड करी, निकालाचा आणि गोडाचा तिच्या लेखी काही संबंधच नव्हता.

बाबा अखेरपर्यंत पास झाले नाहीत. हे मी लाजून सांगत नाही, नीट ऐक.

दोघं गेल्यावर मायला माहेरून मिळालेला शेताचा तुकडा विकून आम्ही भावंडांनी त्यांच्या स्मृतीची शिष्यवृत्ती ठेवली, तेव्हा तुझ्या बापानं नियम काढला की ती पहिल्या येणाऱ्या मुलीलाच द्यायची, विहारात, हार घालून. त्याच उन्हाळ्यात आमच्या गल्लीतली प्रणाली दहावीला गणितात गेली आणि घरात तिच्या लग्नाचं बोलणं सुरू झालं. मी म्हटलं, शिष्यवृत्ती हिला.

“अक्का, नापासाले शिष्यवृत्ती? लोक हासतीन ना.”

“हासू दे. बाबाले हासत होते तवा तू उपाशी राह्यला का?”

“पन मायबापाचं नाव...”

“त्याइचंच नाव राखून राह्यली मी. पुसून तर तू राह्यला.”

तुझा बाप चपला घालून निघून गेला. रुसला म्हण हवं तर. प्रणालीचा बाप म्हणाला, रविवारी पाहुणे येणार आहेत. मी म्हटलं, येऊ दे, चहा पाजून परत पाठवू. तसेच पाठवले, आणि पोरीला पुसदला शिकायला ठेवलं.

पहिल्या आलेल्यांना सारं गाव ओवाळतं, त्यात वाईट काही नाही. पण पडलेल्या माणसाचा सदरा पुन्हा तितक्याच निगुतीनं तापवणारं घरात कुणी असलं, तर तो मान वर करून परत त्या वर्गाची पायरी चढतो. मला अडाणीला शिष्यवृत्तीचा अर्थ एवढाच कळला आहे, आणि तो मी कुणासाठी बदलणार नाही.

यंदा प्रणालीनं पुन्हा पेपर दिला. कसा गेला ते ती सांगत नाही, मी विचारत नाही. गेलाच हातचा, तर पुढच्या वर्षीही शिष्यवृत्ती तिचीच. तुझ्या बापाला तसं सांगून ठेव. इकडे उन्हं पिकायला लागली आहेत, दुपारी लिंबाखाली तेवढी सावली उरते, तिथं पुसदहून परतलेली प्रणाली वही घेऊन बसते आणि मी नुसती शेजारी. तूही ये, पोरी. पण निकाल लागायच्या आधी ये. नंतर तर सगळेच येतात.