थोरल्या कोअरची कोथिंबीर

संगणकाच्या पडद्यावर बारा चौकोन आहेत. प्रोसेसरमध्ये राबणाऱ्या एकेका कोअरची रेघ प्रत्येक चौकोनात वरखाली होत असते. चार कोअर ताकदीचे, जड कामांसाठी. आठ लहान, किरकोळ कामांसाठी. आमच्या ऑफिसात त्यांना थोरले-धाकटेच म्हणतात. आज मी सगळं काम थोरल्यांवर टाकलं, लवकर उरकावं म्हणून. पंखा घरघरायला लागला आणि काम उलट रेंगाळलं.

शेजारची वैशाली डोकावून म्हणाली, "अरे, तापलेत ते. तापले की आपोआप हळू होतात. धाकटे बघ, नुसते बसलेत. बारीकसारीक त्यांना दे की. आणि पाय हलवू नकोस, माझं टेबल हलतंय."

मी पाय थांबवला. दुसरा हलायला लागला.

धाकट्यांच्या सपाट रेघांकडे बघत राहिलो. माझ्यातही असं कुणी धाकटं असेल ना, चहा घोटाघोटाने पिणारं, जिना एकेक पायरी उतरणारं? त्याला मी कधी कामच दिलं नाही. दात घासतानाही माझा थोरलाच पळत असतो.

संध्याकाळी आईने कोथिंबीर निवडायला दिली. ठरवून सावकाश बसलो. हे काम धाकट्याचं, हे काम धाकट्याचं, असं मनात घोकत जुडी संपवली.

आईने ताटात पाहिलं. "काड्या ठेवल्यास," ती म्हणाली, "पानं कुठायत?"