पोटाचं छातीला

माझा डावा स्तन काढला तेव्हा मी बेचाळीस वर्षांची होते आणि पेण-रोहा गाडीवर कंडक्टर होते. केमो झाली, रेडिएशन झालं, डोक्यावर पुन्हा केस आले आणि मी कामावर हजर झाले. डेपोतले सगळे म्हणाले, "सुटलीस बाई." मलाही तसंच वाटत होतं.

रेडिएशननं डावीकडची कातडी काळपट आणि ताठ झाली होती. गणवेशाचा कुर्ता त्या बाजूला लोंबायचा. म्हणून जुन्या सुती साडीच्या कापडात कापूस भरून मी एक गादी शिवली आणि ब्रामध्ये घालू लागले. घरी तिचा त्रास नव्हता. गाडीत मात्र तिकिटाच्या पिशवीचा पट्टा नेमका तिच्यावरून जायचा, आणि वरची दांडी धरायला हात उचलला की गादी गळ्याकडे चढायची. बेल मारण्याआधी मी पाठ फिरवून ती खाली ओढायचे. दिवसातून पन्नास वेळा.

एका बाजारच्या दिवशी नागोठण्याच्या अलीकडे गाडी खड्ड्यात आपटली. मी दोन्ही हातांनी दांडी पकडली आणि गादी कुर्त्याखालून निसटून सरळ खाली पडली. समोरच्या सीटवरच्या माणसानं ती उचलली, उलटीपालटी करून पाहिली.

"ताई, ह्ये तुमचं पडलं. काय हाय ह्ये?"

मागून कुणीतरी फिस्सकन हसलं. ते काय आहे ते त्या हसणाऱ्याला कळलं होतं. त्या हसण्यानं माझ्या कानशिलापर्यंत आग गेली.

"माझी छाती हाय ती," मी म्हणाले. मागच्या सीटपर्यंत ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं. "कॅन्सरनं काढली. तुमचं तिकीट कुठलं?"

"ए... एक रोहा," गादी हातात धरलेला तो माणूस पुटपुटला.

गादी मी पिशवीत कोंबली आणि रोह्यापर्यंत तशीच, एका बाजूनं सपाट, सगळ्यांची तिकिटं काढली. कुणी वर पाहिलं नाही. स्टँडवर उतरल्यावर मी पिशवी बाकावर आपटली. लाज नव्हती ती, राग होता. त्या हसणाऱ्यावर थोडा, आणि वर्षभर पाठ फिरवून गादी ओढणाऱ्या माझ्यावर जास्त.

पहिल्या ऑपरेशननंतर डॉक्टरांनी सांगितलं होतं की रेडिएशन होऊन वर्ष गेलं की पोटाची कातडी आणि चरबी घेऊन नवा स्तन तयार करता येतो. तेव्हा मी हात जोडले होते. जीव वाचला, बास, म्हणाले होते. गादी पडली त्या संध्याकाळी मात्र घरी जाऊन सांगितलं, मला ते ऑपरेशन करायचंय.

सासूबाई तांदूळ निवडत होत्या. त्यांचा हात सुपातच थांबला. "या वयात? आता कोणाला दाखवायचंय गो?"

"मला. आंघोळ रोज मीच करते, आई."

त्या पुन्हा तांदूळ निवडू लागल्या. नवरा मात्र उठून अंगणात गेला. तो कंपनीत शिफ्टला असतो, मुळातच कमी बोलतो. मी मागोमाग गेले.

"जिवंत आहेस ना?" तो म्हणाला. "मग परत चिरफाड कशाला? माझ्यासाठी करत असशील तर नको. मला काय फरक पडत नाय."

"तुम्हाला पडत नाही, मला पडतो."

"मागच्या ऑपरेशनला मी बाहेर बाकावर बसलो होतो," तो म्हणाला. त्याचा नकार त्या बाकावरून येत होता, हे मला तेव्हा उमगलं. माझा राग निवळला. हट्ट तेवढा निवळला नाही.

मुंबईच्या हॉस्पिटलात प्लास्टिक सर्जननं कागदावर चित्र काढून सगळं समजावलं. आठ-नऊ तास लागतील, बारीक रक्तवाहिन्या जोडाव्या लागतील, क्वचित रक्तपुरवठा बंद पडतो आणि केलेलं सगळं काढावं लागतं. स्पर्श बहुतेक कळणार नाही. आणि हे सारं तो माझ्या नवऱ्याकडे बघून सांगत होता. शेवटी म्हणाला, "तुमची काय इच्छा आहे?"

मी तोंड उघडायच्या आत नवरा म्हणाला, "तिलाच विचारा. छाती तिची हाय."

अंगणात अडून बसलेला माणूस तोच का, असं मला वाटून गेलं.

शुद्धीवर आले तेव्हा पोट कुणी दोरीनं आवळल्यासारखं ताणलेलं होतं. दर तासाला नर्स पेनाएवढं एक यंत्र नव्या कातडीवर टेकवायची आणि त्यातून खस्स, खस्स असा आवाज यायचा. रक्त वाहतंय, ती सांगायची. पाचव्या दिवशी जखमेतलं पाणी काढणाऱ्या नळ्यांच्या बाटल्या हातात घेऊन मी कमरेत वाकून चालले. फार दुखत होतं. कशाला केलं, असंही एकदा मनात आलं, खोटं कशाला बोलू.

घरी आल्यावर टाके सुकले तरी मला सरळ उभं राहता येईना. आंघोळ सासूबाई घालायच्या. पहिल्या दिवशी त्यांनी मान वळवून पाणी ओतलं. चौथ्या-पाचव्या दिवशी साबण लावताना त्यांचा हात तिथं थांबला.

"गरम हाय गो!" त्या म्हणाल्या. "मला वाटलेलं, रबराचं काय तरी बसवलं असंल."

"माझंच आहे, आई. पोटाचं."

"व्हय? मग पोट बरंच कमी झालं तुझं," म्हणून त्या हसायला लागल्या. मला ताणलेल्या पोटामुळे हसता येत नव्हतं, तरी हसले.

साडेतीन महिन्यांनी पुन्हा गाडीवर चढले. नवा स्तन उजव्यापेक्षा किंचित वर आहे. चिमटा काढला तर कळत नाही. बोंड नाही. डॉक्टर म्हणाले, छोटंसं ऑपरेशन करून तेही बनवू. मी नको म्हणाले. मला हवं होतं तेवढं झालं. आता मी दोन्ही हातांनी दांडी धरते.

ही गोष्ट कशी पसरली कोण जाणे. मागच्या महिन्यात जिते गावातली एक बाई मला शोधत रोहा स्टँडवर आली. तिचाही एक स्तन काढलेला. "बघू का?" तिनं चाचरत विचारलं. लेडीज रेस्टरूमची कडी लावून मी कुर्ता वर केला. छाती दाखवली, पोटावरचा या कमरेपासून त्या कमरेपर्यंतचा वणही दाखवला. तिनं बराच वेळ पाहिलं.

"मला नाय झेपायचं," ती म्हणाली. "मी हाय तशीच बरी."

"मग तशीच राहा. ताठ राहा," मी म्हणाले. "फक्त कुणी म्हणालं म्हणून नको म्हणू नकोस."

ती हसली, पदर काढून तिनं तिची सपाट बाजू मला दाखवली. बाहेर माझ्या ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला. मी ओरडले, "आले, थांबा जरा!" आणि तिच्याशी आणखी थोडं बोलत बसले.